गोळीने घेतलेली परीक्षा

किनवटच्या रानात दिवाळीनंतर खाजकुहिलीच्या शेंगा पिकतात. त्यांची तपकिरी लव अंगाला लागली की माणूस खाजवून बेजार होतो. आयुर्वेदात मात्र या कपिकच्छूच्या बिया वातविकारांवर वापरल्या जातात. 1937 मध्ये मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांतून लेव्होडोपा वेगळे काढले. त्याचा कंपवाताशी, म्हणजेच पार्किन्सन्सशी, संबंध असेल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. बीगणिक लेव्होडोपाची मात्रा बदलते, म्हणून बिया घरी कुटून घेणे धोक्याचेच.

दुवा जुळला आपल्याकडच्याच दुसऱ्या वनस्पतीमुळे. सर्पगंधेतल्या रिसर्पिनने निपचित पडलेले ससे स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी 1957 मध्ये डोपा टोचून पुन्हा हिंडते केले. 1960 मध्ये व्हिएन्नात हॉर्निकिएविच यांना पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत डोपापासून बनणाऱ्या डोपामिनचा खडखडाट आढळला. 1967 मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी डोपाची मात्रा हळूहळू वाढवत नेली आणि जखडलेले रुग्ण चालू लागले.

औषधाच्या पाठोपाठ परीक्षा आली. अंग ताठणे, चाल मंदावणे ही लक्षणे एकट्या पार्किन्सन्सची नाहीत. टोरंटोच्या स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की यांनी 1964 मध्ये वर्णिलेल्या पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सी) या मेंदूविकारातही ती दिसतात. पण तो रुग्ण लवकरच पडू लागतो, पुढे ताटातल्या भाकरीकडे नजर खाली वळत नाही. एमएसए (मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी) या आणखी एका विकारात उभे राहताच रक्तदाब कोसळतो, लघवीवरचा ताबा जातो. म्हणून हे विकार वेगळे ओळखायला डॉक्टर रुग्णाला औषधाआधी खुर्चीतून उठवतात, चालवतात, अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला लावतात. लेव्होडोपा दिल्यावर तासाभराने पुन्हा तेच. ठळक सुधारणा दिसली तर पार्किन्सन्सची शक्यता वाढते.

तरी ही परीक्षा चकवते. एमएसएचे काही रुग्णही सुरुवातीला गोळीला दाद देतात. लंडनमध्ये हयातीत पार्किन्सन्स ठरवलेल्या 100 जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तेव्हा त्यांतल्या 76 जणांतच तो निघाला. हा निष्कर्ष 1992 मध्ये छापून आला.

किनवटहून गाडी पकडून नांदेडला दाखवायला जाताना म्हणूनच आधीच्या औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या सोबत असाव्यात. कारण उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइड या औषधानेही असाच ताठरपणा येऊ शकतो. पहिल्यांदा तोल कधी गेला, गोळी किती वाजता दिली, पाऊल कधी मोकळे झाले, हे घरच्यांनी लिहून न्यावे. पार्किन्सन्समध्ये साधा एमआरआय बहुधा स्वच्छ येतो. वर्षभराची अशी वही डॉक्टरांना त्याहून जास्त सांगते.