झॉर्क : भूमिगत साम्राज्यात कोणत्या वाटेने शिरावे?

टपालपेटी असलेले एक पांढरे घर, आणि त्याच्याखाली पसरलेले एका लयाला गेलेल्या साम्राज्याचे अवशेष. 'झॉर्क' या खेळात चित्र नाही, ध्वनी नाही. खेळाडूने इंग्रजीत आज्ञा टंकित करावी आणि संगणकाने पुढचे वर्णन लिहून दाखवावे, एवढाच व्यवहार. या साम्राज्यावर पुढे इतके खेळ निघाले, की नवख्याला पहिला प्रश्न पडतो तो क्रमाचा.

विल क्राउदर आणि डॉन वूड्स यांच्या 'अ‍ॅडव्हेंचर'पासून प्रेरणा घेऊन टिम अँडरसन, मार्क ब्लँक, ब्रूस डॅनियल्स व डेव्ह लेबलिंग यांनी १९७७ मध्ये अमेरिकेतील 'एमआयटी'त हा खेळ लिहावयास घेतला. पीडीपी-१० या मोठ्या यंत्रावरचा हा पसारा घरगुती संगणकाच्या स्मृतीत मावेना. तेव्हा १९७९ मध्ये स्थापन झालेल्या इन्फोकॉम कंपनीने त्याची विभागणी केली व नवी भर घालून 'झॉर्क १' (१९८०), 'झॉर्क २' (१९८१) आणि 'झॉर्क ३' (१९८२) असे तीन खेळ काढले. पहिला खेळ एका प्राचीन दगडी थडग्यापाशी संपतो, दुसरा त्याच थडग्याच्या आत सुरू होतो. येथे क्रम मोडण्यात अर्थ नाही. पहिल्या खेळात एकूण गुण ३५०, दुसऱ्यात ४००, तिसऱ्यात मात्र अवघे ७! खजिना लुटण्याची सवय लागलेल्या खेळाडूला तेथे अचानक पात्रतेची परीक्षा द्यावी लागते. हा धक्का आधीचे दोन खेळ खेळल्यावाचून बसत नाही.

त्यानंतर 'एन्चँटर' (१९८३), 'सॉर्सरर' (१९८४) आणि 'स्पेलब्रेकर' (१९८५) ही मांत्रिकांची त्रयी घ्यावी. जग तेच, नायक निराळा. झॉर्कमध्ये दिवा विझला की अंधारातील 'ग्रू' हा प्राणी खेळाडूला गिळंकृत करी. येथे 'फ्रॉट्झ' हा एक मंत्र म्हटला की हातातील वस्तू उजळते. 'एन्चँटर'मध्ये दिसेल ते उचलणारा एक हावरट साहसवीर भेटतो. तो म्हणजे झॉर्कचा खेळाडूच! ही थट्टा उमगायची तर आधी स्वतः तसे वागलेले असावे लागते. 'स्पेलब्रेकर'मध्ये जादूच क्षीण होऊ लागते. तो अतिशय कठीण असल्याने घाईने हाती घेऊ नये.

खरा घोटाळा 'झॉर्क झीरो'ने (१९८८) केला. स्टीव्ह मेरेट्झकी यांचा हा खेळ कथेच्या काळानुसार सर्वांत आधीचा. म्हणून अनेकांना तेथूनच आरंभ करावासा वाटतो. तसे करू नये. उधळ्या राजा डिमविट फ्लॅटहेड आणि त्याचे अवाढव्य धरण 'क्रमांक ३' यांचे अवशेष आधी पाहिलेले असले, तरच त्याच्या वैभवाचे विडंबन रंगते. ब्रायन मोरियार्टी यांचा 'बियाँड झॉर्क' (१९८७) 'स्पेलब्रेकर'नंतर खेळावा, आणि 'झीरो' त्याच्याही नंतर. थोडक्यात, प्रकाशनाचा क्रमच सोयीचा.

अ‍ॅक्टिव्हिजनने १९८६ मध्ये विकत घेतलेली इन्फोकॉम १९८९ मध्ये बंद पडली. 'रिटर्न टू झॉर्क' (१९९३) व त्यापुढील बहुतेक खेळ चित्रमय असून त्यांची प्रकृती वेगळी आहे. पहिल्या तीन खेळांची मूळ आज्ञावली मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. इन्फोकॉमचे मजकूर-खेळ आजच्या संगणकावर चालविणाऱ्या एका मोफत प्रणालीचे नाव 'फ्रॉट्झ'च आहे. कागद-पेन्सिल मात्र जवळ हवी. नकाशा ज्याचा त्यानेच काढायचा असतो.