आधी विचारा, मग खोदा: एका प्रथेचा इतिहास

एकोणिसाव्या शतकात पाण्याचे नळ, दिव्यांचा गॅस व सांडपाण्याची गटारे, आणि पुढे विजेच्या व दूरध्वनीच्या केबल शहरांच्या रस्त्यांखाली गेल्या; पण ज्याची वाहिनी त्याच्याच दप्तरी नकाशा, अशी बहुधा स्थिती असल्याने खोदणाऱ्याला खाली काय आहे ते एका जागी कळण्याची सोय नव्हती. कुदळ-फावड्याने खणणाऱ्या मजुराला घाव कशावर बसला हे हातालाच जाणवे आणि तो थांबू शके, परंतु उत्खनन यंत्रे आल्यावर नळ लागल्याचे कळेपर्यंत तो फुटलेला असे.

या धोक्याचे भीषण रूप १६ जून १९७६ रोजी लॉस एंजेलिसलगतच्या कल्व्हर सिटीत दिसले. व्हेनिस बुलेव्हार्ड या रस्त्याच्या रुंदीकरणात यंत्राने पेट्रोलची भूमिगत वाहिनी फोडली, दाबाखाली उसळलेल्या इंधनाने पेट घेतला आणि नऊ जणांचा बळी गेला. या दुर्घटनेनंतर दक्षिण कॅलिफोर्नियात खोदकामाची सूचना एकाच केंद्राला द्यावी, केंद्राने ती सर्व वाहिनीधारकांना कळवावी आणि त्यांनी जागेवर येऊन रंगाने आखणी करावी, अशी पद्धत रुजली. खोदणारा आपली हद्द पांढऱ्या रंगाने दाखवतो; त्यानंतर लाल रंग विजेचा, पिवळा गॅस व तेलाचा, नारिंगी दूरसंचाराचा, निळा पिण्याच्या पाण्याचा आणि हिरवा सांडपाण्याचा. या रेषा वाहिनीचा मार्ग दाखवतात, खोली नव्हे. म्हणून कॅलिफोर्नियात खुणेच्या दोन्ही बाजूंना २४ इंचांचा पट्टा राखून, त्यात आधी हाताने खणून वाहिनी प्रत्यक्ष उघडी करावी लागते आणि मगच यंत्र लावता येते. सूचना देण्यासाठी अमेरिकेत २००७पासून ८११ हा एकच देशव्यापी क्रमांक आहे.

भारतात याच हेतूचे ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप २२ मार्च २०२३ रोजी सुरू झाले. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी मुंबईत १५ टक्के पाणीकपात लागू झाली, कारण ठाण्यात कूपनलिका खोदताना शहराला पाणी पुरवणाऱ्या जलबोगद्याला, म्हणजे जमिनीखालून खोल नेलेल्या पाण्याच्या भुयारी मार्गाला, छिद्र पडले होते आणि त्याच्या दुरुस्तीसाठी पुरवठा वळवावा लागला. एका भूखंडावरील खोदकामाची झळ अशी लाखो घरांतील नळांना बसली.

विचारणाऱ्याला उत्तर मिळायचे, तर ते देणाऱ्याच्या दप्तरातील नोंद खरी हवी. म्हणून वाहिनी टाकताना तिची जागा व खोली मोजून नकाशावर उतरवणे हे चर बुजवण्याइतकेच बांधकामाचे अनिवार्य अंग मानले पाहिजे. त्याशिवाय केंद्र, क्रमांक किंवा ॲप यांपैकी कशानेही पुढच्या पिढीतील मजुराचे रक्षण होणार नाही.