मारुतीची रुई आणि अंजनेरीचा कंदील

शनिवार हा आमचा सुट्टीचा वार, आणि मारुतीचाही. गेल्या शनिवारी भर पावसात अंजनेरी चढलो. पायथ्याशी रुईच्या पानांची माळ घेतली. माळेत एक फूल पण ओवलेलं होतं. ते मात्र मी खिशात टाकलं (मारुतीराया, माफ कर).

आता हे फूल नीट बघा. मधोमध एक पंचकोनी मुकुट असतो. पुंकेसर आणि स्त्रीकेसराचा वरचा भाग तिथे एकत्र जुळलेले असतात. पराग भुकटीसारखे मोकळे नसतात, तर त्यांचे छोटे पुंजके असतात. किडा फुलावर बसला की पुंजक्यांची जोडीच्या जोडी त्याच्या पायाला अडकते. चीक तर रुईलाही येतो आणि कण्हेरीलाही. पण कण्हेरीत असे पुंजके नाहीत. एवढ्या फरकावरून रॉबर्ट ब्राउनने १८१० साली रुईचं कूळ कण्हेरीपासून वेगळं काढलं.

आपल्याकडच्या झाडांची अशी मोठी नोंद केली ती, गंमत म्हणजे, एका इंजिनिअरने! थिओडोर कुक. रेल्वेच्या नोकरीत असताना वसईचा लोखंडी पूल बांधला, मग १८६५ ते १८९३ पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा (आजचं सीओईपी) प्राचार्य. १९०१ ते १९०८ या काळात त्याचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ भागाभागाने निघाला. असल्या ग्रंथांतली झाड ओळखायची पद्धत म्हणजे सरळ इफ-एल्स आहे. पाकळ्या सुट्या की जुळलेल्या? बीजकोश पाकळ्यांच्या वर की खाली? बहुतेक प्रश्न फुलालाच विचारायचे. फूल नसेल तर प्रोग्रॅम तिथेच अडकतो.

याच रुईच्या गोतावळ्यात कंदीलपुष्प येतं. पाच पाकळ्यांची टोकं वर जुळलेली, खाली नळी, तळाशी फुगवटा. बारीक माशी आत शिरते, पण नळीतले केस खालच्या बाजूला वळलेले असल्याने तिला बाहेर पडता येत नाही. फूल सुकायला लागलं, केस मरगळले, की सुटका. जाताना परागांचे पुंजके सोबत. यातल्या एका जातीच्या नावातच आपला डोंगर आहे - सेरोपेजिया अंजनेरिका. शिवाजी विद्यापीठाचे श्रीरंग यादव आणि सहकाऱ्यांनी ती जगासमोर आणली २००६ मध्ये, म्हणजे कुकचा ग्रंथ पूर्ण झाल्यावर ९८ वर्षांनी!

मधल्या काळात १९९८ साली जनुकांच्या अभ्यासातून रुईचं कूळ पुन्हा कण्हेरीच्या कुळात मर्ज झालं. ब्राउनने पाहिलेले पुंजके खोटे ठरले नाहीत, फक्त वेगळं घर न राहता त्याच घरातली एक खोली झाली.

अंजनेरीला २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. पण हे कंदील पेटतात पावसाळ्यातच. फूल नसेल तेव्हा हे रोप म्हणजे आपल्यासारख्यांना गवतच, आणि उन्हाळ्यात तर फक्त मातीखालचा कंद. नसलेलं फूल तुडवलं म्हणून हळहळणार कोण?

मागच्या जूनमध्ये आम्ही सात जण त्याच पठारावर वाट सोडून, गवतात चटई टाकून डबा खात बसलो होतो. कशावर बसलो होतो, ते आता कळायचा काही मार्ग नाही.

असो. जाल तेव्हा पायवाट सोडू नका.