‘माइंड द गॅप’ : फलाटाकडेच्या फटीचा इतिहास

१/ लंडनच्या भुयारी रेल्वेतील ‘माइंड द गॅप’ ही सूचना जगभर ठाऊक आहे. गाडी आणि फलाट यांतील फटीपासून सावध राहा, एवढाच तिचा अर्थ. आज हे शब्द टी-शर्टांवर छापून विकले जातात. परंतु ती फट मुळात पडली कशी? त्याचे उत्तर जमिनीच्या हक्कांच्या इतिहासात दडले आहे.

२/ १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही जगातील पहिली भुयारी प्रवासी रेल्वे लोकांसाठी खुली झाली. हा मार्ग मुख्यतः जमीन वरून खणून व पुन्हा झाकून बांधलेला होता. १८९० मध्ये सिटी अँड साउथ लंडन रेल्वेने खोल, नळीसारख्या बोगद्यांतून विजेच्या गाड्या चालवल्या. बोगदे खोल गेले, तरी बहुतांशी रस्त्यांखालूनच नेले गेले.

३/ याचे कारण आर्थिक होते. खासगी इमारतीखालून बोगदा न्यायचा, तर मालकाकडून तसा हक्क विकत घ्यावा लागे. सार्वजनिक रस्त्याखालून जाण्याचा हक्क कंपन्यांना विनामूल्य द्यावा, अशी शिफारस १८९२ साली संसदेच्या संयुक्त समितीने केली. साहजिकच कंपन्यांनी रस्त्यांचाच माग धरला. आणि जुन्या लंडनचे रस्ते मुळीच सरळ नव्हते.

४/ १९०० साली सुरू झालेली सेंट्रल लंडन रेल्वे हे याचे ठळक उदाहरण. चॅन्सरी लेन येथे अरुंद रस्त्याखाली दोन बोगदे शेजारी शेजारी मावेनात, म्हणून ते एकावर एक बांधले गेले. बँक स्थानकात तर फलाट इतका वळला, की एका टोकावरून दुसरे टोक दिसत नाही.

५/ फलाट वळला तरी डबा सरळच राहतो. फलाट वळणाच्या आतील बाजूस असेल, तर डब्याची दोन्ही टोके त्याच्यापासून दूर जातात. बाहेरील बाजूस असेल, तर डब्याचा मध्यभाग दूर जातो. फलाट गाडीच्या आणखी जवळ आणावा, तर डब्याचा पुढे येणारा भाग त्यावर घासेल. म्हणजे ही फट बांधकामातील हयगय नव्हे. ती वळणाची अपरिहार्य भूमिती आहे.

६/ एम्बँकमेंट स्थानकाची कथा निराळी. १९१४ मध्ये हॅम्पस्टेडकडून येणारी गाडी इथवर आणली, तेव्हा ती परत फिरवण्यासाठी थेम्स नदीखालून एकेरी वळसा काढला आणि फलाट त्या वळशावरच बांधला. १९२६ साली मार्ग केनिंग्टनपर्यंत पुढे गेला. वळशाची गरज संपली. नॉर्दर्न लाइनचा उत्तरेकडे जाणारा वाकडा फलाट मात्र राहिला.

७/ अशा स्थानकांवर कर्मचारी प्रवाशांना तोंडी इशारा देत. १९६८ च्या सुमारास त्याची जागा ध्वनिमुद्रित सूचनेने घेतली. ध्वनी अंकीय स्वरूपात साठवणे त्या काळी फार महाग होते, म्हणून वाक्य शक्य तितके आखूड केले. पुढे जगप्रसिद्ध झालेले तीन शब्द असे काटकसरीतून जन्मले.

८/ इतरत्र निराळे उपायही झाले. न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअर स्थानकात गाडी थांबताच फलाटाच्या कडेतून सरकत्या पट्ट्या बाहेर येतात आणि फट झाकतात. लंडनमध्ये १९९९ साली वाढवलेल्या ज्युबिली लाइनवरील नव्या भुयारी स्थानकांत फलाटाच्या कडेला काचेची दारे बसवली गेली.

९/ मुंबईकराला ‘पायदान व फलाट यांतील अंतर’ हे शब्द लोकलच्या उद्घोषणेतून पाठ झालेले असतात. तेथील मार्ग भुयारी नव्हेत, आणि फलाटांची अपुरी उंची हे त्या धोक्याचे मोठे कारण होते. उद्घोषणा होतच होत्या. तरीही जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर येथे या पोकळीत पडून एक तरुण प्रवासी गंभीर जखमी झाली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची दखल घेतली आणि फलाट उंच करण्याच्या कामाला वेग आला.

१०/ सूचना प्रवाशाला सावध करते. पण तेवढ्यावरच थांबले, तर जुन्या निर्णयांची जबाबदारीही त्याच्याच पायांवर येऊन पडते. बँक स्थानकातून तो आज एका पावलात जे अंतर ओलांडतो, ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका कंपनीने वाचवलेल्या पैशांचे आहे.