वारशाचे धन आणि रोह्याचे चिंतामणराव

भगिनींनो, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच असा तुम्ही आग्रह धरलात. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पापडाचे पीठ मळणारा हात लेखणी धरताना अवघडतो. पण माझे माहेर रोह्याचे, सासर पेणचे, आणि या दोन गावांकडची एक हकीकत बरेच दिवस मनात आहे.

आपल्या भागात पूर्वी श्रीमंती म्हणजे जमीन. कुठे खोती, तर पेणकडच्या खारभूमीत शिलोत्री. खाडीचे पाणी अडवायला बांध घालायचा, तो राखायचा आणि त्याबद्दल भाताचा वाटा घ्यायचा, हा शिलोत्रदाराचा हक्क. तो बापाकडून मुलाकडे जाई. कुळाच्या घरी मात्र मुलाकडे बहुधा कर्जच येई. 1933 साली चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली खोतांची जमीन कसायचे नाकारले आणि तो संप 1939 पर्यंत चालवला. सहा वर्षे त्या बायकांनी चुली कशा पेटवल्या असतील, हे कुणी लिहून ठेवायला हवे होते! पुढे 1949 च्या कायद्याने खोती गेली आणि 1955 च्या कायद्याने कुलाब्यातील शिलोत्री हक्क.

पण ज्यांचे धन गिरण्यांत, शेअरांत आणि मुंबईच्या इमारतींत होते, त्यांचे काय? तेथे आमच्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख येतात. 1912 साली मॅट्रिकला ते पहिले आले, 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि 1952 साली कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेले. ते अर्थमंत्री असताना 1953 साली मृत्युकराचा कायदा झाला. माणूस वारला म्हणजे त्याच्या मागे राहिलेल्या मोठ्या मिळकतीतून सरकारने वाटा घ्यायचा. लाखापर्यंत काही नाही, एकत्र कुटुंबातल्या हिश्शाला पन्नास हजारांपर्यंत माफी, आणि सर्वांत मोठ्या मिळकतीला शेकडा 40. 1964 मध्ये हा दर शेकडा 85 पर्यंत गेला. इंग्लंडात असा कर 1894 पासून होता.

श्रीमंतांनी वाटा शोधल्याच. मरणापूर्वी दोन वर्षांच्या आत दिलेली बक्षिसे कायदा धरत असे, तेव्हा त्याआधीच देऊन टाकायचे. विश्वस्त नेमायचे, मिळकत निरनिराळ्या नावांवर पसरायची. शेवटी सरकारला वर्षाला जेमतेम वीस कोटी मिळू लागले आणि वसुलीचा खर्च भारी, म्हणून 1985 साली विश्वनाथ प्रताप सिंगांनी हा कर उठवला. मला विचाराल तर कर फार वाढवला, तेथेच तो फसला.

चिंतामणरावांनी 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई मात्र आपल्याकडे विस्मरणात गेल्या. घटना समितीत त्या होत्या. तेथे त्यांनी बायकांच्या मिळकतीच्या हक्कासाठी भांडण केले. 1953 साली निघालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा. म्हणजे एकाच घरात नवरा म्हणे, धनिकाच्या वारशातला वाटा समाजाचा. आणि बायको म्हणे, वारशातला वाटा मुलीचाही.

1956 च्या कायद्याने बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा मिळाला, पण वडिलोपार्जित मिळकतीत ती बरोबरीची धनीण झाली नाही. आपल्या महाराष्ट्राने 1994 साली तोही हक्क दिला, परंतु त्यापूर्वी लग्न झालेल्यांना वगळले. 2005 मध्ये देशभर सर्व मुलींना तो मिळाला, आणि बाप तेव्हा हयात असलाच पाहिजे असे नाही, हे 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

माझे लग्न 2001 चे. वडील गेल्यावर रोह्याहून भावाने हक्कसोडपत्र पाठवले. “ताई, सही कर, तुला लग्नात दिलेच आहे ना?” एवढेच तो म्हणाला. चार तोळे सोने आणि भांडी, हे खरे. जमीन दीड एकर आहे, तीही कुंडलिकेजवळची. भाऊ वाईट नाही. दर भाऊबीजेला येतो, वहिनीही माया करते. आई म्हणते, माहेरचे दार उघडे राहू दे. यजमान म्हणतात, तुझे तू ठरव.

तो कागद दिवाळीपासून कपाटात लुगड्याखाली आहे. सही मी अजून केलेली नाही.