पाठ टाचणाची कुळकथा

बीड जिल्ह्यातल्या केजकडच्या बी.एड.च्या छात्राध्यापिकेला पाठ टाचण म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. रात्री जेवणं उरकली की पट्टीनं रकाने आखायचे: उद्दिष्टं व स्पष्टीकरणं, शिक्षककृती, विद्यार्थीकृती, फलकलेखन. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, उपयोजन, गृहपाठ हा क्रम मोडायचा नाही. मार्गदर्शकाची सही झाल्याशिवाय वर्गात पाऊल टाकायचं नाही. हा नमुना कुणाचा, असं विचारलं की उत्तर येतं, ‘विद्यापीठाचा’. पण याचं मूळ घराणं जर्मन आहे.

योहान फ्रीडरिश हर्बार्ट 1809 साली क्योनिग्सबर्गला कांटच्या जागेवर प्राध्यापक झाला. नवं ज्ञान मुलाच्या डोक्यात आधीपासून असलेल्या अनुभवाला चिकटलं तरच टिकतं, असं त्याचं म्हणणं. त्यानं शिकवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. पुढे त्सिलर आणि राइन या अनुयायांनी त्यांच्या पाच केल्या आणि आपली ‘पंचपदी’ जन्माला आली.

आपल्याकडे शिक्षक घडवण्याचं काम त्याआधीच सुरू झालं होतं. 1845 मध्ये मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांकडे नॉर्मल क्लासची जबाबदारी होती. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी मागणी केली, की प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकऱ्यांतला असावा आणि नांगराची मूठ धरायला त्यानं लाजू नये. ही अट प्रशिक्षणाच्या कुठल्याच रकान्यात उतरली नाही. 1906 साली मुंबईत माध्यमिक शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण महाविद्यालय निघालं; पदवीधरानं शिकवण्याचं वेगळं शिक्षण घ्यावं, ही रीत इथून रुळली.

केज तेव्हा निजामाच्या राज्यात. 1918 च्या सुमारास उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं ते उर्दू माध्यमाचं. शेजारच्या अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थांसारखे शिक्षक मुलं घडवत होते. 1948 मध्ये संस्थान भारतात आलं, 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ झालं, आणि बी.एड.ची वाट औरंगाबादकडे वळली.

टाचणात भर पडत गेली ती याच सुमारापासून. 1956 साली बेंजामिन ब्लूमनं शैक्षणिक उद्दिष्टांचं वर्गीकरण छापलं. ज्ञान, आकलन, उपयोजन हा डावा रकाना त्याचा. 1963 च्या सुमारास स्टॅनफर्डला सूक्ष्म अध्यापन निघालं. पाच-सहा मिनिटांचे ते पाठ इथल्या वहीतही आले. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतली अंतरवासिता लांबली. वही जाड होत गेली. मजकूर मात्र बहुतेकदा मागच्या तुकडीच्या वहीतला.

प्रस्तावनाच बघा. ‘सकाळी चहा कोणी घेतला? चहा गोड कशानं होतो? साखर कशापासून बनते?’ त्यापुढचा शेवटचा प्रश्न मुलांना येणार नाही, असा काढायचा. मग हेतुकथन: ‘आज आपण ऊस या पिकाची माहिती घेऊ.’ आता हा पाठ केज तालुक्यात घेऊन बघा. दिवाळीनंतर आई-बापाबरोबर ऊसतोडीच्या फडावर गेलेलं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत आलेलं पोर मागच्या बाकावर बसलेलं असतं. मोळी कशी बांधतात, वाढं कशाला विकतात, मुकादमाची उचल फिटली नाही तर काय होतं, हे त्याला बाईंपेक्षा जास्त ठाऊक. टाचणाच्या विद्यार्थीकृतीच्या रकान्यात त्याच्यासाठी एकच शब्द लिहून ठेवलेला असतो: ‘उसापासून’. तो म्हणून झाला की पुढची पायरी.

हर्बार्टला नेमका या पोराचा अनुभव हवा होता. त्याचा ढाचा आपण सही-शिक्क्यासकट उचलला आणि ज्याच्यासाठी तो केला, तेवढं गाळलं. दोष आराखड्याचा कमी, नक्कल करण्याच्या सवयीचा जास्त. सवय लागायलाही कारण आहे: पाठांची संख्या भरायची, टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा द्यायची, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर जाहिरातीची वाट बघायची. यात टाचण मनापासून लिहायला उसंत कुणाला?

तरीही केजच्या छात्राध्यापकांना एक सांगणं आहे. बाकीचे रकाने जुन्या वहीतून घेतलेत तरी चालेल, प्रस्तावना तेवढी घेऊ नका. ती वर्गातल्या पोरांना आदल्या दिवशी विचारून लिहा.