बगरूची बुट्टी आणि अमेरिकेची भिंत

बगरूच्या ठशांची नावं वाचायला घेतली की अर्धा बाजारहाट तिथेच होतो. बदाम, हरा धनिया, केरी. मग झेंडू, कमळ, गुलाब. आणि काठासाठी कंगुरा नि लहरिया. जयपूरहून अजमेरच्या रस्त्याने तीसेक किलोमीटरवरच्या या गावात छीपा समाजाची कुटुंबं पिढ्यान् पिढ्या हीच नावं कापडावर उमटवत आली आहेत. त्यांचं जुनं गिऱ्हाईक आसपासच्या खेड्यांतलं. घागऱ्याचं कापड, ओढणी, रजईचा अभ्रा आणि जमिनीवर अंथरायची जाजम एवढी त्यांची गरज होती. आज त्याच गावातून निघालेला कपडा कॅलिफोर्नियात एखाद्या दिवाणखान्याच्या भिंतीवर चित्रासारखा टांगलेला दिसतो. जमिनीवरून भिंतीवर जाण्याचा हा प्रवास दोन देशांच्या आवडीनिवडींचा आहे, आणि त्यात गमतीही पुष्कळ आहेत.

बगरूचा छीपा मराठी माणसाला अगदी परका नाही. राजस्थानातले हिंदू छीपा संत नामदेवांना आपला मूळपुरुष मानतात आणि नामदेव छीपा म्हणूनच ओळखले जातात. आपल्याकडे नामदेव शिंपी म्हणून ठाऊक आहेत. उत्तरेत त्यांची ओळख कापड रंगवणाऱ्या, छापणाऱ्या समाजाशी जोडली गेली. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत, आणि तिथे त्यांचा उल्लेख छीपा असाच येतो. नरसी-पंढरपूरचा वारकरी संत आणि बगरूच्या छीपा मोहल्ल्यातला कारागीर यांचं नातं असं सातशे वर्षांचं आहे.

छपाईचं सामान पाहिलं तर तेही बरंचसं स्वयंपाकघरातलं आणि आजीच्या बटव्यातलं. कोरं कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात. त्यावर पिवळसर झाक येते, आणि तीच बगरूच्या कापडाची खूण. शेजारच्या सांगानेरच्या छपाईत कापडाची जमीन पांढरीशुभ्र, फुलं नाजूक. बगरूची जमीन सायीच्या रंगाची, बुट्टी ठसठशीत. काळ्या रंगासाठी लोखंडाचे तुकडे, घोड्याचे जुने नाल, गूळ आणि पाणी माठात दहा-पंधरा दिवस आंबवत ठेवतात. गुळाच्या आंबण्याने लोखंड विरघळतं, आणि ते पाणी हिरडा लावलेल्या कापडावर पडलं की तिथल्या तिथे काळं होतं. लालसाठी तुरटी. चिंचोक्याच्या खळीत कालवून ती छापली तर छाप फिकटच दिसते. मग तांब्याच्या मोठ्या भांड्यात अलिझरीन आणि धायटीची फुलं घालून कापड उकळतात, तेव्हा तुरटीच्या जागी लाल रंग चढतो. काळ्याला स्याही म्हणतात, लालला बेगार.

दाबूची, म्हणजे चिखलाच्या छपाईची, तऱ्हा आणखी वेगळी. तळ्याची काळी माती, चुना, डिंक आणि किडलेल्या गव्हाचं पीठ यांचा चिखल मळून, गाळून घेतात. ठसा त्यात बुडवायचा, कापडावर ठेवायचा, वरून मुठीने ठोका द्यायचा. ओल्या चिखलावर लगेच लाकडाचा भुसा भुरभुरवायचा, म्हणजे घडी चिकटत नाही. उन्हात कडकडीत वाळलं की कापड निळीच्या हौदात. हौदातून निघतं तेव्हा ते हिरवट असतं. हवा लागते तसं डोळ्यांदेखत निळं होत जातं. शेवटी धुतलं की चिखल जातो, आणि त्याखाली राहिलेली जमीन बुट्टी होऊन उठून दिसते.

खेड्यातल्या गिऱ्हाइकाची अपेक्षा साधी होती. रंग पक्का हवा, मळ दिसायला नको, आणि बुट्टी आपल्या समाजाची हवी. राजस्थानच्या बऱ्याच भागांत घागऱ्याच्या छापावरून बाई कोणत्या समाजाची, सवाष्ण की विधवा, हे ओळखू येई. त्यामुळे नक्षी ही हौसेपेक्षा रिवाजाची गोष्ट होती. नवीन काही काढायची मागणीच नव्हती. मागणी होती ती आईच्या घागऱ्यासारखाच घागरा लेकीला मिळण्याची. जाजमेवर मधोमध चौपड छापलेला असे. पाहुणे त्यावर बसत, आणि वेळ असला की सोंगट्या मांडून तिथेच खेळत. लग्नकार्य आणि भजन दोन्हींना जाजम बाहेर काढणाऱ्या मराठी घराला हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेला भारतीय कापडाची गोडी मात्र तेव्हाच लागलेली होती. मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर राहिलेल्या एलिहू येलने १७१८ साली कनेक्टिकटमधल्या एका लहानशा महाविद्यालयाला नऊ गाठोडी माल, ४१७ पुस्तकं आणि राजा पहिल्या जॉर्जचं चित्र पाठवलं. गाठोड्यांत कॅलिको आणि मलमलही होती. माल विकून ५६२ पौंड आले आणि महाविद्यालयाने देणगीदाराचं नाव घेतलं. आजच्या येल विद्यापीठाच्या नावामागे असं कापड आहे. स्वातंत्र्यानंतर १७८४ साली फिलाडेल्फियाचं ‘युनायटेड स्टेट्स’ हे जहाज पुदुच्चेरीला लागलं. पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या सेलेमच्या व्यापाऱ्यांनी बंगालचे रेशमी बांधणीचे रुमाल आणि सुती कापड जहाजं भरभरून नेलं. गुराख्यांच्या गळ्यातला लाल बँडाना हा त्याच रुमालांचा वारस. त्यावरची नक्षी आपल्या कोयरीची, म्हणजे बगरूच्या केरीची.

मग १८१६ साली अमेरिकेने जकातीचा कायदा केला. स्वस्त सुती कापडाची किंमत काही का असेना, चौरस यार्डाला किमान २५ सेंट धरायची आणि त्यावर २५ टक्के जकात घ्यायची, असं ठरलं. म्हणजे सहा सेंटांच्या कापडावरही सव्वासहा सेंट जकात. बोस्टनजवळ वॉल्थमला गिरणी काढणारे फ्रान्सिस कॅबट लोवेल यांनी त्यासाठी जोर लावला होता. स्वस्त भारतीय सुती कापडाला ते दार जवळजवळ बंद झालं. अमेरिकेत पोचणारा तो माल बहुतेक बंगाल आणि कोरोमंडल किनाऱ्याचा होता. बगरूचा बाजार गावकुसापासून फार लांब नव्हता, त्यामुळे तिथे या घडामोडींची झळ लागायचं कारण नव्हतं.

झळ लागली ती विसाव्या शतकात, आणि तीही घरातूनच. गिरणीचं कापड, पुढे पॉलिएस्टर स्वस्त झालं, आणि खेड्यातल्या बायका छापील घागरा सोडून त्याकडे वळल्या. नेमक्या त्याच काळात अमेरिकेची नजर पुन्हा भारताच्या कापडाकडे गेली. १९५५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात, म्हणजे ‘मोमा’त, भारतीय वस्त्रं आणि अलंकारांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्याची मांडणी अलेक्झांडर जिरार्ड यांची होती. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ पहिल्यांदा दाखवला गेला तोही त्याच संग्रहालयात, त्याच वर्षी. १९५८ साली कनेक्टिकटचा जॉन बिसेल फोर्ड फाउंडेशनच्या कामावर दिल्लीला आला आणि १९६० मध्ये त्याने निर्यातीसाठी फॅबइंडिया काढली. हातमागाचा पोत जपणारा, भडकपणा टाळणारा माल परदेशातल्या घरांत खपेल, हा त्याचा अंदाज खरा ठरला. पुढे फॅबइंडियाची दुकानं भारतात निघाली तेव्हा बगरूचा दाबू तिथेही दिसू लागला. १९७० साली जयपुरात जॉन आणि फेथ सिंग यांनी ‘अनोखी’ सुरू केली, आणि ठसाछपाईच्या कारागिरांना कामाची आणखी एक वाट मिळाली.

साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकी तरुणांनी भारतीय छापील पलंगपोस नुसते पलंगावर घातले नाहीत. वसतिगृहाच्या खोलीत त्यांनी ते भिंतीला ठोकले, खिडकीला पडदा म्हणून लावले, कापून त्यांचे झगे शिवले. १९६२ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ‘पियर वन’सारख्या दुकानांतून उदबत्तीच्या जोडीला असा माल घरोघरी गेला. जी वस्तू इथे अंगाखाली असते ती तिथे डोळ्यांसमोर आली, आणि त्याने नक्षीचा हिशेबच बदलला. जाजमेला चारी बाजूंनी माणसं बसतात, म्हणून तिची नक्षी कुठूनही सुलटी दिसायला हवी. भिंतीवरच्या कापडाला वर आणि खाली असतं.

मापाचंही तसंच. बगरूचा जुना छीपा जवळच्या विणकरांचा रेजा, म्हणजे जाडंभरडं हातविणीचं कापड, छापायचा; त्याचा पन्हा लहान. अमेरिकेतला ‘किंग’ पलंग ७६ इंच रुंद आणि ८० इंच लांब. शिवाय बाजूंना लोंबणारं कापड वेगळं. पूर्वी कारागीर बसून, बुटक्या पाटावर छापत. लांब तागे आणि मोठ्या चादरी छापायची वेळ आली तशी उभ्याने काम करायची लांब टेबलं आली. जेवणाच्या टेबलाचे रुमाल, उशांचे अभ्रे, स्वयंपाकघरातले टॉवेल अशी नवी मापं शिकावी लागली. हात धुऊन जेवायला बसणाऱ्या आणि जेवण झाल्यावर पुन्हा हात धुणाऱ्या गावाने मांडीवर पसरायचे रुमाल डझनांनी छापले. नक्षीत अननस आला. अमेरिकेत वसाहतकाळापासून अननस हे पाहुणचाराचं चिन्ह आहे. तिथल्या जुन्या घरांच्या दारांवर तो कोरलेला असतो. धने आणि बदाम छापणाऱ्या जयपूरच्या पंचक्रोशीने तोही ठशावर कोरून घेतला.

सगळ्यात मोठा फरक रंगाच्या बाबतीत होता. रंग जाणं ही आपल्याकडे फसवणूक समजली जाते. साडी पहिल्या धुण्याला उतरली की दुकानदाराशी भांडण ठरलेलं. अमेरिकेत साठच्या दशकात मद्रासच्या चौकड्याच्या सदऱ्यांची जाहिरात ‘रंग हमखास उतरणार’ अशी झाली आणि लोकांनी ते आवडीने घेतले. निळीचं प्रेम त्यांना आधीपासून होतंच. लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना रिव्हेट लावलेल्या पँटचं पेटंट मिळालं ते १८७३ साली. नीळ धाग्याच्या आत फारशी मुरत नाही, वरच्या थरात बसते. म्हणून वापरात ती झिजते आणि जीन्स गुडघ्यावर पांढरी पडते. बगरूचा रंगारी निळीला गडद करण्यासाठी कापड पुन्हा पुन्हा हौदात बुडवतो. अमेरिकी गिऱ्हाईक तीच नीळ विटलेली मिळावी म्हणून जास्त पैसे मोजतं.

हाताच्या चुकांचंही तसंच झालं. चांगल्या छीप्याची परीक्षा अशी, की एक ठसा संपला कुठे आणि दुसरा सुरू झाला कुठे, ते कळता कामा नये. बाह्यरेषेची रेख, जमिनीचा गद, आत रंग भरणारा दत्ता, हे वेगवेगळे ठसे एकावर एक नेमके बसले पाहिजेत. त्यासाठी ठशाच्या कोपऱ्यांत खुणेचे ठिपके असतात. परदेशी दुकानांत मात्र कपड्याला चिठ्ठी जोडलेली असते, की छापातली कमीजास्त ही हातकामाची खूण आहे, दोष नव्हे. यंत्राच्या एकसारख्या मालाने वेढलेल्या माणसाला जरासा सरकलेला ठसा जवळचा वाटतो, हे समजण्यासारखं आहे. पण सरकू न देण्यात आयुष्य घालवलेल्या कारागिराचं कौशल्य त्या चिठ्ठीत मावत नाही. बगरूचे रामकिशोर छीपा यांना २००९ साली पद्मश्री मिळाली, ती त्या कौशल्यासाठी.

अलीकडच्या काळात हे नातं नुसत्या खरेदी-विक्रीपुरतं राहिलेलं नाही. हॉपी आणि लिली स्टॉकमन या बहिणींनी लॉस एंजेलिसमध्ये काढलेली ‘ब्लॉक शॉप’ ही संस्था बगरूच्या छपाईवाल्यांबरोबर काम करते. तिच्या नक्षीत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटाचे आकार असतात: मोठे अर्धगोल, सरळ पट्टे, मोकळी जागा. बगरूच्या जुन्या जाळीत बोटभर जमीन रिकामी राहत नाही. इथे रिकामी जमीनच मुख्य. कारागिराच्या दृष्टीने हे काम सोपं नाही. बारीक बुट्टीत डाग लपतो, मोकळ्या जमिनीवर तो लांबून दिसतो. गावातच टायटनवाला संग्रहालयात छीप्यांची जुनी कापडं आणि ठसे जपलेले आहेत, त्यामुळे नवीन पिढीला आजोबांची जाळी आणि अमेरिकेचा अर्धगोल दोन्ही एकाच गावात पाहायला मिळतात.

परदेशी आवडीने आणखी एक गोष्ट परत आणली. स्वस्त रासायनिक रंग आले तेव्हा हिरडा आणि गूळ मागे पडू लागले होते. जर्मनीने १९९४ साली काही ॲझो रंगांवर बंदी आणली, पाठोपाठ भारतातही बंदी आली, आणि पाश्चात्त्य बाजारात नैसर्गिक रंगांची विचारणा वाढली. ज्यांनी लोखंड आंबवायचे माठ फेकून दिले नव्हते त्यांना त्याचा फायदा झाला. पाण्याचं दुखणं मात्र सुटलेलं नाही. ज्या संजरिया नदीच्या काठी हा धंदा बसला, जिच्या वाळवंटात कापडं वाळत पडायची, ती आटली. आता पाणी जमिनीखालून उपसावं लागतं, आणि दाबूचा एक तागा किती वेळा धुवावा लागतो हे पाहिलं की खर्चाचा अंदाज येतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं. १८१६ च्या कायद्याशी बगरूचा संबंध आला नव्हता. या वेळी तो थेट आला. मुंबई-पुण्यात बगरूच्या साड्या आणि कुर्ते घेणारं गिऱ्हाईक आहे, पण त्याला अमेरिकी मापाची चादर नको असते. त्याला हवी साडेपाच मीटरची साडी, काठाला कंगुरा, पदराला वेगळी बुट्टी, आणि धुतल्यावर न उतरणारा रंग. त्या कामाचे ठसे छीपा मोहल्ल्यात अजून आहेत, आणि ते कोरणारे हातही.